माहेरची वाटी

आमच्या दुकानात पुढच्या काउंटरवर बायको बसते आणि मागं पडद्याआड, खिडकीखाली माझी बैठक आहे. ही वाटणी लग्नानंतर लगेच झाली, आणि ती माझ्या वडिलांनी केली. त्यांचं म्हणणं असं की, पोरगा हाताचा बरा आहे पण तोंडाचा फाटका आहे, ह्याला गिऱ्हाइकापुढं बसवलं तर शिरूरच्या बाजारपेठेत आपलं नाव खराब व्हायला वेळ लागणार नाही. त्या वेळी मला असला राग आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. आता मी स्वतः साठीला टेकलोय. म्हाताऱ्याला सोन्यासारखीच माणसाचीही पारख होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

हल्ली गिऱ्हाईक येतं ते मोबाइल पुढं करूनच. असं करून द्या, म्हणतात. फोटोत कुणीतरी नटलेली बाई असते, तिच्या गळ्यात काहीतरी लोंबत असतं. माप नाही, जाडी नाही, मागची बाजू तर नाहीच नाही. अहो, दागिन्याला मागची बाजू असते आणि अंगाला लागते ती तीच, हे लोक विसरूनच गेलेत. मी आतून ओरडतो. बायको पुढं हसून सांगते, होईल होईल, ते जरा तापट आहेत, सारखे जाळापाशी बसतात ना. गिऱ्हाईक हसतं आणि काम माझ्या पाटावर येऊन पडतं.

तक्रार म्हणून सांगत नाही. हायवेला मोठाली दुकानं झाली, तिथं तयार माल ढिगानं मिळतो, मिळू दे. माझ्यापुरतं काम मला येतं. कुणाला आजीची ठुशी गळ्याला घट्ट होते म्हणून वाढवून हवी असते, कुणाला चार मोडक्या वस्तूंची एक धड वस्तू हवी असते. सकाळी खिडकीतून ऊन आत येतं तेव्हा पाटावर पत्रा ठेवायचा आणि ऊन सरकून भिंतीवर जाईपर्यंत मान वर करायची नाही. मधे एक चहा. ह्या आयुष्यात मला काही कमी वाटत नाही, कुणी विचारलं तर मी तसं सांगतोही, पण मला कुणी विचारत नाही, सगळे बायकोशी बोलतात.

आता वाटीची गोष्ट सांगतो. आमच्याकडं मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक सासरची आणि एक माहेरची. पूर्वी खरंच दोन्ही घरचं सोनं वेगवेगळं यायचं. माझे वडील ते वेगळ्या मुशीत आटवायचे, वेगळा पत्रा काढायचे, आणि तरी दोन वाट्या अशा करायचे की नवरीच्या आईलासुद्धा कुठली कोणाची ते सांगता येऊ नये. आता कोण एवढं बघतंय. कुणीतरी एक जण येतं, सोनं देतं, दोन्ही करा म्हणतं. म्हणायला दोन घरच्या, पत्रा एकच. मग मीही तेच करत आलो. एका पत्र्यावर दोन गोल आखायचे, दोन्ही कापायचे, एकीला ठोका दिला की दुसरीलाही द्यायचा. जोड अशीच होते. एक आज केली आणि दुसरी महिन्यानं केली तर हात बदललेला असतो, मन बदललेलं असतं, आणि वाट्या सवतींसारख्या दिसतात.

मागच्या हिवाळ्यात एक ओळखीच्या बाई दुकानात आल्या. घोडनदीच्या बाजूला त्यांची शेती आहे, शेवंती आणि भाजीपाला करतात. वर्षानुवर्षं आमच्याकडंच येतात. बरोबर एक नवी मुलगी होती, कंपनीचा शर्ट घातलेली, केस घट्ट बांधलेली. ही सून, असं बाईंनी सांगितलं. मुलगा आणि ही दोघं रांजणगावच्या एकाच कंपनीत, तिथंच जमलं, लग्न रजिस्टर केलं, आणि आता कारेगावात खोली घेऊन राहतात. बाईंना ते पसंत होतं की नव्हतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण सुनेच्या गळ्यात नुसता काळ्या मण्यांचा दोरा होता, ते मात्र त्यांना अजिबात खपत नव्हतं. माझ्या सुनेला मी लंकेची पार्वती करून फिरवणार न्हाई, असं म्हणत त्यांनी पदराच्या गाठीतून आपल्या सासूची जुनी, चेपलेली पाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. ह्यातून डोरलं करा, दोन वाट्या झोकदार घाला, राहील ते परत द्या.

मी आत कान देऊन ऐकतच होतो. काम माझ्या आवडीचं होतं. तेवढ्यात ती मुलगी पडद्यापाशी आली आणि थेट मलाच म्हणाली, "मामा, वाटी एकच करा. दुसरी माहेरची. ती यायची हाय."

मी विचारलं, कधी यायची आहे. ते मला सांगता यायचं नाही, म्हणाली. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाई गं, एका वाटीचं मंगळसूत्र गळ्यात सरळ राहत नाही, एका अंगाला कलतं, बघणारा म्हणतो सोनार आंधळा होता काय. मी अर्धी वस्तू दुकानाबाहेर सोडत नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, एकच करा. आवाज चढवला नाही, रडली नाही, काही नाही. अशा माणसापुढं माझ्यासारख्या तापट माणसाचं काही चालत नाही. शेवटी ठरलं ते असं, की सासरच्या वाटीशेजारी एक रिकामी कडी ठेवायची. माहेरची आली की तिथं अडकवायची.

सून समोरच्या दुकानात रिचार्ज करायला गेली तेव्हा सासूनं बायकोला खरं काय ते सांगितलं. मुलीची आई ती लहान असतानाच गेली. बाप दौंडला रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावर. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. रेल्वे कॉलनीतल्या खोलीत त्यानं एकट्यानं तिला वाढवली, वेण्या घातल्या, भाकरी शिकला, डबा भरून शाळेत सोडली. आणि तिनं लग्न ठरवलं ते बापाला न विचारता, जातीबाहेर. तेव्हापासून तो फोन उचलत नाही. ही दर रविवारी लावते, वाजून वाजून बंद होतो. येतीया कसली वाटी, असं म्हणून बाईंनी सुस्कारा सोडला आणि सून येताना दिसली तसा विषय बदलला.

मला त्या मुलीबद्दल वाईट वाटलं. रागही आला, तिच्या बापाचा. पण काम ते काम. दुसऱ्या दिवशी मी पाटली कापली, मुशीत टाकली, सोनं मोकळं वितळावं म्हणून सवागीची चिमूट सोडली आणि ज्योत लावली. जुनं सोनं आटताना आधी मळकट दिसतं, मग एकदम त्याचा थेंब होतो आणि तो मुशीत गरगर फिरायला लागतो. हे मी आयुष्यभर बघतोय, पण अजून त्या वेळी कुणी हाक मारली तर मला ऐकू येत नाही. ओतलं, कांडी गार केली, मशीनमधून काढून पत्रा केला. ताव दिला. कंपासनं गोल आखला, कात्रीनं कापला. मग पितळेच्या ठोकळ्यातल्या मोठ्या खळगीत ठेवून गोल डोक्याच्या दांड्यानं हलके हलके ठोके. पुन्हा ताव, मग लहान खळगी, मग आणखी लहान. सोनं मऊ असलं तरी घाई केली की काठाला चीर जाते. काठ कानशीनं घासला, भोवती बारीक रव्यांची ओळ बसवली, डाख लावून पक्की केली. वाटी अशी झाली होती की मी स्वतःवरच खूष झालो आणि बायकोला दाखवायला हाक मारली.

बायकोनं वाटी बघितली. मग माझ्या पाटाकडं बघितलं आणि हसायलाच लागली. हसू आवरेना तिला. मला कळेना काय झालं. तिनं बोट दाखवलं. ठोकळ्याशेजारी दुसरी वाटी पालथी पडली होती, तशीच, रवे बसवलेली, काठ घासलेला.

मी कपाळाला हात लावला. एकच करायची होती. पण गोल आखताना हातानं दोन आखले, कापताना दोन कापले, आणि ठोके दोन्हींना सारखे दिले. त्या मुलीशी हुज्जत घालून मी जे कबूल केलं ते माझ्या कानांनी ऐकलं होतं, हातांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. सासूबाईंना फोन करून सांगितलं, तर त्याही हसल्या. आता मोडू नका, म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, उद्या दौंडचं काही आलं न्हाई तर तीच घालू, पण पोरीला सांगू नका. मोडायला मलाही जीव होत नव्हता. मी ती एका डबीत घालून काउंटरच्या खणात ठेवून दिली.

मुलगी सेकंड शिफ्टच्या आधी येऊन मंगळसूत्र घेऊन गेली. आरशात बघितलं, रिकामी कडी बोटानं जरा हलवून बघितली, आणि छान झालंय म्हणाली. खरं सांगतो, मला ते बघवत नव्हतं. वाटी एका बाजूला आणि शेजारी नुसतीच कडी. पण तिला त्याची लाज नव्हती. कंपनीतल्या बायका विचारायच्या, हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, आणि ही सगळ्यांना तेच सांगायची, एक अजून यायची हाय. माहेराबद्दल वावगा शब्द नाही. आमच्या ह्या भागात शिरूरचं माणूस दौंडला दिलेलं आणि दौंडचं शिरूरला, त्यामुळं बोलणं फिरायला कितीसा वेळ लागतो. ते फिरत फिरत रेल्वे कॉलनीत पोचलं.

उन्हाळा लागताच भर दुपारी एक धिप्पाड माणूस दुकानात शिरला. दौंडच्या एसटीतून उतरून तसाच आलेला, मानेवर घाम, हातात रुमाल. नमस्कार नाही, काही नाही, उभ्या उभ्याच त्यानं विचारलं की अर्धं डोरलं विकणारा सोनार तो हाच का. मी पडदा सारून बाहेर आलो. तो म्हणाला की माझ्या पोरीच्या गळ्यात रिकामी कडी अडकवून तुम्ही माझी अब्रू बाजारात मांडलीत, लोक मला विचारायला लागलेत. मी म्हटलं, तिनं मागितलं ते मी दिलं, आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. आवडलं न्हाई तर केलं कशाला, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुमची पोरगी तुमच्यावर गेलीय, ऐकते का कुणाचं? आमचे आवाज इतके चढले की शेजारचा भांडीवाला दारात येऊन उभा राहिला.

माझी बायको भांडण मिटवायला नेहमी काहीतरी हाताशी असलेली वस्तू पुढं करते. एरवी ती चहा असते. त्या दिवशी तिनं खण उघडला, डबी काढली आणि दुसरी वाटी काउंटरवर ठेवली. ही तयारच आहे, म्हणाली, वाद कशाला.

वाटी त्यानं उचलली नाही, वाकून बघितली. मग म्हणाला, बसवा मग ही आणि करा पुरं, काय होतील ते पैसे घ्या. मी तोंड उघडायच्या आत बायकोनं खरं ते सांगून टाकलं, की ही पण सासरच्याच सोन्याची आहे, चुकून झाली, आणि दौंडहून काही आलंच नाही तर हीच घालायची असं सासूबाई म्हणाल्यात. त्यानं मान वर केली. त्याचे डोळे मी विसरणार नाही.

"दोन्ही त्यांच्याच? आन् मी काय मेलो का?"

एवढं बोलून तो दुकानातून निघून गेला. भर उन्हात, रुमाल काउंटरवर विसरून. बायकोनं मागं हाक मारली, पण त्यानं वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी बायकोवर जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुणी सांगितलं होतं तुला मधे पडायला, आता हा माणूस जन्मात फिरकायचा नाही, आणि ती पोरगी म्हातारी होईपर्यंत रिकामी कडी मिरवणार. बायको म्हणाली, जोड मी केली का तुम्ही? त्या दिवशी आम्ही जेवलो ते मूग गिळून. मला खरंच धास्ती बसली होती. सोनाराच्या हातून तोळामासा इकडंतिकडं होणं वेगळं आणि बापलेकीत अंतर वाढवणं वेगळं. मुलगी मधे एकदा कडी सैल झाली म्हणून आली, तेव्हा मला तिच्याकडं बघायचं धाडस होईना. मी मान खाली घालून कडी आवळून दिली. तिला आम्ही काही सांगितलं नाही. दर रविवारी फोन लावतेस का अजून, असं बायकोनं विचारलं, तर लावते की, म्हणाली, जसं काही रोजचं दळण आणायचं काम असावं.

ज्वारीची खळी उरकली आणि शेतात पुन्हा नांगर फिरायला लागले, त्या सुमारास तो माणूस परत आला. ह्या खेपेला इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि आवाज खाली होता. बायकोनं आधी त्याचा रुमाल धुऊन, घडी करून ठेवलेला त्याच्या हातात दिला, मग पाणी दिलं. तो थेट मागं माझ्या पाटापाशी येऊन बसला आणि आपला उजवा हात पाटावर ठेवला. रुळांवर घण मारून मारून बोटं अशी जाड झाली होती की एका बोटातली अंगठी मांसात रुतून बसली होती, वरून नुसती सोन्याची रेघ दिसत होती. ही लग्नातली, त्यानं सांगितलं, बायकोच्या घरच्यांनी घातलेली. घरी साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं, दोरा गुंडाळून ओढली, निघत नाही. म्हणून पुढं म्हणाला, "कापा. हिची वाटी करा."

अंगठी कापायचं काम मला नवीन नाही. बोट आणि अंगठी ह्यांच्यामध्ये पत्र्याची पातळ पट्टी सरकवायची आणि केसासारख्या बारीक करवतीनं वरून कापत जायचं. पण इथं पट्टी सरकवायलाच जागा नव्हती. त्याला म्हटलं दुखेल, तर म्हणाला दुखू द्या. मी कापत होतो आणि तो खिडकीबाहेर बघत होता. बोलायला विषय हवा म्हणून असेल, त्यानं विचारलं की पोरगी इकडं येते का, वाळली तर नाही ना, तिला रात्रपाळी सोसत नाही, लहानपणापासून डोकं धरतं. मी सांगितलं, येते, बरी आहे, तुमच्यासारखीच हट्टी आहे. तो जरा हसला. त्या हसण्यात माझी करवत घसरली आणि त्याच्या बोटावर रक्ताचा थेंब आला. मी हबकलो. त्यानं बघितलंसुद्धा नाही. अंगठी फाकवून काढली तर खाली पांढरीफटक, मऊ कातडी होती, त्या काळ्या हातावर दुसऱ्याच कुणाची असावी अशी. बायकोनं घरातून हळद आणून लावली.

सोनं त्याच्यासमोरच आटवलं. गिऱ्हाईक समोर बसलं की माझं डोकं सरकतं, पण त्या दिवशी मला ते बरं वाटलं. थेंब मुशीत फिरायला लागला तसा तो पुढं वाकला आणि ज्योत विझेपर्यंत त्यानं श्वास सोडला नसावा. पत्रा काढला. ह्या वेळी गोल एकच आखला. खणातली ती दुसरी वाटी मापाला समोर ठेवली आणि ठोका, ताव, ठोका असं करत तिच्याबरोबर आणली. तुमचा हातोडा आणि माझी हातोडी, असं काहीतरी मी बोललो, तर तो म्हणाला की आमच्यात इतकं हळू मारलं तर गाडी घसरंल. शेवटी वाटी रिठ्याच्या पाण्यात धुतली, ब्रशानं घासली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

रंग जुळत नव्हता. त्याच्या अंगठीत कुठल्या तरी जुन्या सोनारानं तांबं जरा सढळ हातानं घातलं होतं. सासरची वाटी पिवळीधमक, ही तांबूस. आकार तोच, रवे तेच, पण कुणीही दुरून सांगावं की ह्या दोन वेगळ्या आहेत. माझ्या जिवाला ते फार लागलं. मी म्हटलं, पुन्हा आटवतो, माझ्याकडचं थोडं चोख सोनं मिसळतो, रंग बरोबर येईल, तुम्ही त्याचं काही देऊ नका. त्यानं विचारलं, मंग ती माझ्या घरचीच ऱ्हाईल का. मी खोटं कसं बोलणार. म्हटलं, बरीचशी राहील, सगळी नाही. तर नको म्हणाला. वाटी त्यानं तळहातावर घेतली, थोडा वेळ धरली, माझ्या हातात परत दिली आणि उठला. तुम्हीच द्या तिला. बायको म्हणाली, थांबा की, तिला बोलावते, कारेगावाहून यायला असा किती वेळ लागतो. त्यानं ड्यूटीचं कारण सांगितलं आणि एसटी स्टँडकडं निघून गेला. आम्हा दोघांनाही कळलं की त्याला धीर होत नव्हता.

बायकोनं मुलीला फोनवर एवढंच सांगितलं की ये, काम आहे. ती संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आली, तशीच, कंपनीच्या शर्टात. माझ्या पाटासमोर बसली, मंगळसूत्र काढून माझ्यापुढं ठेवलं, कारण तिला वाटलं पुन्हा कडीचंच काही असेल. मी डबी उघडून वाटी तिच्या हातावर ठेवली. मनात भाषण तयार केलं होतं, रंगाबद्दल समजावून सांगायचं होतं, की बघ, तांबूस दिसते ह्यात माझा दोष नाही. त्यातलं एक अक्षर बोलावं लागलं नाही. तिनं वाटी उजेडात धरली, एकदा फिरवली, आणि तिला समजलं. तो रंग तिनं लहानपणापासून बघितला होता, वेणी घालणाऱ्या हातावर.

ती म्हणाली, "पण ती अंगठी तर निघत नव्हती."

मी सांगितलं, कापली. मग तिनं विचारलं की बोटाला लागलं का. बायकोनं सांगितलं, थोडंसं लागलं, हळद लावलीय. मुलगी उठली, मोबाइल काढला आणि तिथंच, माझ्या पाटासमोर उभी राहून फोन लावला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. वाजत होता. वाजत होता. आणि मग तो उचलला गेला.

नमस्कार नाही, माफी नाही, रडणं नाही. तिनं विचारलं, "बाबा, बोट दुखतंय का?"

रुळावर आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. फोन तिच्या कानाला होता तरी त्याचा आवाज आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आला. आधी त्यानं घसा खाकरला. मग म्हणाला, "बोटाचं ऱ्हाऊ दे. तुला सुट्टी कवा असती?"

तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. तिकडून तो हॅलो हॅलो करायला लागला. माझ्या बायकोला कुठं राहवतंय, ती काउंटरवरून उठून आत आली, फोनपाशी तोंड नेऊन म्हणाली, रविवारी असते हो, दोघंही येतील. मग तिलाही रडू आलं.

मी मंगळसूत्र हातात घेतलं, पकडीनं रिकामी कडी फाकवली आणि वाटीसाठी हात पुढं केला. मुलीनं ती मुठीत घट्ट धरली होती. फोनवर बाप काहीतरी सांगत होता, ती व्हय व्हय म्हणत होती, आणि मूठ काही उघडेना. एरवी मी ओरडलो असतो. मी पकड खाली ठेवली आणि बसून राहिलो.